पिवळ्या रानाचं मुद्दल

जोधपूर ते जैसलमेर हा लोहमार्ग सुमारे तीनशे किलोमीटरचा. पर्यटक तो बहुधा रात्रीतच उरकतात. संध्याकाळी मेहरानगड पाहून गाडीत बसायचं, झोपायचं आणि सकाळी जैसलमेरच्या किल्ल्यासमोर उतरायचं. मधल्या मुलखाची त्यांना ओळख होते ती खिडकीच्या फटीतून येऊन बर्थवर साचलेल्या बारीक वाळूपुरती. मला हा मार्ग दिवसाउजेडी पाहायचा होता. गेल्या वर्षी कार्तिक सरत आला होता, बाजरी खळ्यावरून घरात गेली होती आणि जिऱ्याची पेरणी चालू होती. त्या दिवसांत मी खिडकीशी बसून, मधल्या स्टेशनांवर उतरून, पुन्हा पुढची गाडी धरून हा प्रवास केला.

थरचं वाळवंट जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत मोडतं, असं भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं असतं. त्याचा अर्थ या रुळांवरून जाताना उलगडतो. मोकळं दिसणारं एकही रान इथे बिनधन्याचं नाही. कुठे ते नांगरलेलं असतं, कुठे मुद्दाम न नांगरता ठेवलेलं असतं. कुठे गुरांसाठी राखलेलं, कुठे देवाच्या नावाने सोडलेलं, तर कुठे पावसाचं पाणी वाहून येण्यासाठी स्वच्छ ठेवलेलं. हे बारकावे ओळखू येऊ लागले की डोळ्यांपुढचं वाळवंटच बदलतं.

रूळ आले ते असे

मारवाडात रेल्वे आणली ती जोधपूर संस्थानाने. १८८२ मध्ये खारची ते पाली हा पहिला तुकडा झाला, १८८५ मध्ये गाडी जोधपूरला पोचली. रूळ मीटरगेजचे होते. पुढे फलोदी, मग पोखरण असे ते टप्प्याटप्प्याने वायव्येकडे सरकले. जैसलमेरला मात्र स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं रेल्वे नव्हती. उंटांच्या तांड्यांवर श्रीमंत झालेलं हे शहर आधीच मागे पडत गेलं होतं, कारण मुंबई बंदर वाढलं आणि व्यापाराने समुद्राची वाट धरली. फाळणीने सिंधकडचा उरलासुरला रस्ताही बंद केला. १९६५ च्या युद्धानंतर सीमेपर्यंत रसद आणि माणसं पोचवण्याची निकड दिसली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पोखरणहून जैसलमेरपर्यंत रूळ पडले. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आला तो १९९० च्या दशकात. आज मुंबईच्या वांद्रे टर्मिनसहून थेट जैसलमेरला साप्ताहिक गाडी जाते.

सत्यजित राय यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ने हा मार्ग बंगाली घराघरांत पोचवला. उंटांवर बसून आगगाडी गाठण्याचा तो प्रसंग याच वाळवंटातला, आणि रामदेवरा स्टेशनही त्या चित्रपटात आहे. वाफेची इंजिनं गेली. वाळू मात्र तशीच आहे. उन्हाळ्यात आंधी सुटली की ती रुळांवर चढते आणि गँगमन फावड्यांनी ती उपसतात. मे-जूनच्या उन्हात भर दुपारी केलेल्या या कामाची नोंद कुठल्याही प्रवासवर्णनात नसते. पण ती माणसं नसती, तर गाडीही नसती.

मथानियाची हिरवळ

जोधपूर सोडलं, मंडोर मागे पडलं की थोड्याच वेळात मारवाड मथानिया येतं. इथून तिंवरी, ओसियांपर्यंत खिडकीबाहेर जे दिसतं त्याला वाळवंट म्हणायला जीभ रेटत नाही. मोहरीची कोवळी रोपं, कांद्याचे वाफे, जिऱ्याची नुकती पेरलेली रानं, आणि त्यांवर गोल फिरणारे तुषार सिंचनाचे फवारे. सिंचनाच्या विहिरीला इकडे ‘बेरा’ म्हणतात. विहिरी खोल गेल्या, मग कूपनलिका आल्या. नाव मात्र बेराच राहिलं.

मथानियाची लाल मिरची साऱ्या राजस्थानात नावाजलेली. ‘लाल मांस’ या पदार्थाचा रंग तिच्यावर उभा असतो. तिंवरीला चढलेले एक वृद्ध शेतकरी ‘राम राम सा’ म्हणत समोर बसले. कुठून आलात, काय करता, तुमच्याकडे पाऊस किती, असे प्रश्न त्यांनी ओळीने विचारले. इथे पावसाची चौकशी ही तब्येतीच्या चौकशीइतकीच रीतीची आहे. त्यांच्या तरुणपणी या पट्ट्यात मिरचीचे ढीग उन्हात वाळत पडलेले असत. पुढे पाणी खोल गेलं, खारं झालं, रोग वाढला आणि मिरची बरीच आक्रसली. तिच्या जागी कमी पाण्याचं आणि नगदी जिरं आलं, इसबगोल आला. जिऱ्याचा भाव सोन्याचा, पण पीक काचेचं. थंडीत दोन दिवस ढग आले तरी रोग पडतो आणि उभं रान काळं होतं.

जोधपूर जिल्ह्यात जमिनीखालून उपसलं जाणारं पाणी पावसाने मुरणाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पावसाची सरासरी जोधपूरला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि जैसलमेरपर्यंत जाताना ती दोनशेच्याही आत येते. आपण माण-खटावला दुष्काळी म्हणतो, तिथे पाचशेच्या आसपास पाऊस पडतो. खिडकीतून दिसणारी ही हिरवळ मेहनतीची आहे, तिच्यावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण ती उधारीची आहे. ज्या जमिनीकडून पाणी घेतलं, तिला ते परत करण्याची सोय कुणी केलेली नाही.

ओसियांला मी उतरलो. प्रतीहारांच्या काळातली, आठव्या शतकापासूनची मंदिरं इथे आहेत. महावीराचं, सूर्याचं आणि टेकडीवरचं सच्चियाय मातेचं. ओसवाल जैन आपलं मूळ या गावात मानतात. पुणे, नगर, जळगाव, जालना इथल्या कितीतरी ओसवाल घरांतली पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी माणसं या देवीच्या दर्शनाला येतात. इथून बाहेर पडलेल्यांनी आमच्या गावोगावच्या पेठा वसवल्या. मागे राहिलेल्यांनी ही रानं कसली.

खेजडीच्या सावलीतलं पीक

ओसियांच्या पुढे फवारे विरळ होतात. वाळूच्या टेकड्या रुळांजवळ येतात आणि कोरडवाहू रान सुरू होतं. बाजरीचे खुंट, कडब्याच्या गंजी, मूग-मटकीचा काढलेला पाला, आणि शेतात ठरावीक अंतरावर उभी असलेली खेजडीची झाडं.

खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. महाराष्ट्रात ती शोधावी लागते, इथे शेताशेतात दिसते. पेरताना तिला कुणी काढत नाही, नांगर तिला वळसा घालून जातो. तिची मुळं खूप खोल पाणी शोधतात, त्यामुळे वरच्या थरातल्या ओलीसाठी ती पिकाशी भांडत नाही. तिच्या पानगळीने माती कसदार होते आणि तिच्याखालची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा चांगली येते. हे शेतकऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक होतं. जोधपूरच्या ‘काझरी’ या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, जी १९५९ पासून या नावाने काम करते, ते मोजून दाखवलं. हिवाळ्यात फांद्या छाटून निघालेला पाला शेळ्या-उंटांना जातो, त्याला ‘लूंग’ म्हणतात. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. कैर-सांगरीच्या भाजीने दुष्काळातली कितीतरी वर्षं निभावली आहेत. आज तीच वाळलेली सांगरी शहरात महागाने विकली जाते.

या झाडासाठी माणसं मेलीही आहेत. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवीसह ३६३ बिश्नोई झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि मारले गेले. १९८३ मध्ये खेजडीला राजस्थानचा राज्यवृक्ष ठरवलं गेलं.

कोरडवाहूतलं आणखी एक पीक म्हणजे गवार. आपण तिची भाजी करतो, इथे तिचं बी महत्त्वाचं. त्याचा डिंक खाद्यपदार्थांत आणि कापड-कागद उद्योगात लागतो, आणि जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढण्याचं तंत्र वाढलं, तेव्हा त्या द्रवाला घट्टपणा आणायला हाच डिंक लागला आणि २०१२ मध्ये गवारीचे भाव आकाशाला भिडले. पावसावर वाढणाऱ्या, जमिनीत नत्र सोडून जाणाऱ्या या साध्या पिकाने काही घरांना पक्की भिंत दिली. भाव नंतर उतरले, पण गवार शेतात राहिली. तिला पाण्याचं कर्ज काढावं लागत नाही.

फलोदी: ऊन आणि पाहुणे

फलोदी जंक्शन. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. २०२३ मध्ये फलोदी स्वतंत्र जिल्हा झाला. आसपासच्या रणात मीठ पिकतं, आणि याच ऊन-मोकळ्या भागात भडला सौर उद्यान उभं आहे. त्याची क्षमता २,२४५ मेगावॅट, जगातल्या मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होते. कोळसा न जाळता मिळणारी ही वीज देशाला हवी आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. प्रश्न जागेचा आहे, आणि पुढच्या प्रवासात तो वाढत जातो.

फलोदीपासून जवळच खीचन आहे. लाल दगडाच्या कोरीव हवेल्या, त्यातल्या कितीतरी कुलूपबंद, कारण मालक व्यापारासाठी चेन्नई-मुंबईकडे गेले. पण हिवाळ्यात या गावाला हजारो पाहुणे असतात. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून कांड्या करकोचे इथे येतात. स्थानिक नाव ‘कुरजां’. राजस्थानी लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप धाडायचा तो याच पक्ष्याकरवी. १९७० च्या दशकात गावातल्या एका जैन दांपत्याने कबुतरांबरोबर यांनाही दाणे टाकायला सुरुवात केली, हळूहळू गाव त्यात सामील झालं. राखीव ‘चुग्गाघर’ झालं आणि दूर गेलेल्या कुटुंबांकडून धान्यासाठी पैसे येऊ लागले. पहाटे थवे उतरतात तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. जून २०२५ मध्ये खीचनचा पाणथळ परिसर रामसर स्थळांच्या यादीत गेला. त्याआधीची पन्नासेक वर्षं या पाहुण्यांना गावाने आपल्या खर्चाने सांभाळलं.

रामदेवरा आणि पोखरण

पुढे रामदेवरा, म्हणजे रुणिचा. बाबा रामदेव यांची समाधी इथे आहे. हिंदू त्यांना कृष्णाचा अवतार मानतात, मुसलमान ‘रामसा पीर’ म्हणतात. त्यांच्यासोबत दलित घरातली डालीबाई पूजली जाते. भाद्रपद शुद्ध द्वितीयेपासून एकादशीपर्यंत इथे जत्रा भरते. त्या काळात हाती ध्वजा आणि डोक्यावर कापडाचे घोडे घेतलेले पदयात्री शेकडो किलोमीटर चालत येतात आणि परतताना गाड्या भरभरून जातात. वारी पाहिलेल्या मराठी माणसाला ही चाल लगेच ओळखू येते.

पोखरणच्या स्टेशनात गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. तेवढ्या वेळात प्रवासी उतरून इथली चमचम घेतात. पोखरण हे नाव आपल्याला १८ मे १९७४ आणि ११ व १३ मे १९९८ या अणुचाचण्यांच्या तारखांमुळे ठाऊक असतं. चाचणीक्षेत्राला लागून असलेलं खेतोलाई हे बिश्नोईंचं, गुरंढोरं आणि कोरडवाहू शेतीवर जगणारं गाव आहे. ज्या जागेची निवड ती निर्जन म्हणून झाली, तिच्या शेजारीच माणसं पेरत होती आणि गुरं चारत होती.

सेवणाचं रान

पोखरणनंतर ओढाणिया, लाठी, चांदण अशी नावं येतात. शेत जवळजवळ संपतं. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत पिवळं, गुडघाभर गवत. इथेच डब्यातले पर्यटक पडदा ओढतात किंवा फोन काढतात. माझ्या दृष्टीने या मार्गावरचा सर्वांत मोलाचा भाग इथे सुरू होतो.

हे ‘सेवण’ गवत. दीड-दोनशे मिलिमीटर पावसावर जगतं, एकदा रुजलं की वर्षानुवर्षं टिकतं, मुळांनी वाळू बांधून ठेवतं. थारपारकर गाय या गवतावर घडली. ४५-५० अंशांच्या उन्हातही दूध देणाऱ्या या जातीचं सरकारी पैदास केंद्र चांदणला आहे. गवताखाली लाठीचा वालुकाश्म आहे. जैसलमेरजवळच्या आकल इथे त्याच खडकात सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे दगड झालेले ओंडके पाहायला मिळतात. या वालुकाश्मात गोडं पाणी साठलेलं आहे. ते फार जुन्या काळाचं संचित आहे; आजच्या पावसाने त्यात नगण्य भर पडते. गेल्या काही वर्षांत इथेही कूपनलिका घेऊन गवत नांगरलं जातंय, आणि पिवळ्या रानात मध्येच हिरवे तुकडे उठून दिसतात.

इथला राजा म्हणजे गोडावण. राजस्थानचा राज्यपक्षी, आपला माळढोक. पंधरा किलोपर्यंत वजन, जमिनीवर घरटं, बहुधा एका वेळी एकच अंडं. देशात आता दीडशेच्या आसपासच उरले असावेत, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्याच्या क्षेत्रातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. दरम्यान सम आणि रामदेवरा इथे पैदास केंद्रं चालू आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. हे मोठं यश आहे. पण त्या पिल्लाला सोडायचं तर हेच रान शिल्लक असावं लागेल.

ओरण, आगोर, खडीन

या पिवळ्या रानाचा मोठा हिस्सा ‘ओरण’ आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. लाठीजवळ भादरियाराय मातेचं ओरण आहे, जैसलमेरच्या दक्षिणेला देगराय मातेचं. ओरणात कुऱ्हाड चालत नाही, नांगर चालत नाही. गुरं चरतात, उंट चरतात, पक्षी घरटी करतात. कोकणातली देवराई ज्यांनी पाहिली, त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तलावाभोवतीचा उतार म्हणजे ‘आगोर’. तिथे कुणी घाण करायची नाही, कारण पावसाचा थेंब न्‌ थेंब तिथूनच वाहत तलावात यायचा असतो. आणि ‘खडीन’ म्हणजे या कोरड्या मुलखातली सर्वांत बुद्धिमान शेती. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ती जैसलमेरात रुजवली. खडकाळ उतारावरून येणारं पाणी सखल जागी मातीच्या लांब बांधाने अडवायचं, ते मुरू द्यायचं, आणि दिवाळीच्या सुमारास त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी द्यावं लागत नाही. शेताच्या कितीतरी पट जमीन पाणलोट म्हणून मोकळी ठेवावी लागते, आणि गुपित तिथेच आहे. जी जमीन रिकामी दिसते, ती शेताचाच भाग असते. पालीवालांनी एकोणिसाव्या शतकात कुलधरासारखी गावं सोडली, पण त्यांच्या काही खडिनांत आजही पीक उभं राहतं. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात या साऱ्या व्यवस्थेला मानाने जागा दिली आहे.

महसुली दफ्तरात मात्र अशी कितीतरी रानं निव्वळ ‘पडीक सरकारी जमीन’ आहेत. कंपनीला जागा द्यायची वेळ आली की पहिली नजर तिथे जाते. म्हणून जैसलमेरचे गुराखी आणि गावकरी गेली काही वर्षं ओरणं सातबाऱ्यासारख्या कागदावर चढावीत यासाठी पदयात्रा काढत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला सगळी ओरणं मोजून, नकाशावर आणून वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. हे काम लवकर आणि गावकऱ्यांचे चराईचे हक्क राखून झालं, तरच त्याचा उपयोग. सौर पट्ट्यांना जागा हवीच आहे. ती गावाला विचारून आणि ओरण, आगोर, खडिनाचा पाणलोट वगळून निवडता येते.

जैसलमेर जवळ येतं तेव्हा थईयात हमीराला सानूच्या खाणींकडे जाणारा फाटा लागतो. तिथला चुनखडीचा दगड देशातल्या पोलाद कारखान्यांत जातो. मग पिवळा किल्ला दिसतो आणि डब्यात सगळ्यांची लगबग सुरू होते. माझं मन मात्र मागच्या रानात अडकलं होतं, कारण तिथला हिशेब आमच्या घरचाही आहे.

सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज तिथे तो पक्षी दिसला तर बातमी होते. आपले माळही कागदोपत्री पडीकच होते. त्यांचे तुकडे झाले, पाणी आलं, ऊस आला, द्राक्षं आली, तारा आल्या. कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. माळाची किंमत कुणी खात्यावर धरलीच नव्हती, एवढंच. थरमध्ये ती किंमत धरायला अजून वेळ आहे. आपल्याकडेही गायरानं आहेत, देवराया आहेत, सोलापूर-नगर-पुण्याचे उरलेसुरले माळ आहेत. आपापल्या गावाच्या दफ्तरात त्यांची नोंद काय आहे, हे या दिवाळीनंतर तलाठ्याकडे जाऊन पाहता येईल. ‘पडीक’ लिहिलेलं असेल, तर तिथे कोण चरतं, काय उगवतं आणि कुठलं पाणी मुरतं हे ग्रामसभेत मांडून लिहून घेता येईल. मुद्दल आहे हे खात्यावर दिसलं, तरच ते खर्च करण्याआधी कुणी दोनदा विचार करील.